चार बोटं कमी

मनमाडला गाडी बदलून नांदेडला उतरलो तेव्हा सकाळचे आठही वाजले नव्हते, आणि सदरा पाठीला चिकटून बसला होता. फलाटावरच्या नळापुढे भांड्यांची रांग होती. नळाला पाणी नव्हतं, तरी रांग होती. येईल कधीतरी, म्हणून ठेवलेली. हमालाला मी विचारलं, “गोदावरीच्या गावात ही तऱ्हा?” तो म्हणाला, “नदीत वाळूच उरली साहेब. पाहिजे तेवढी न्या.”

मी इथे समुद्राचं काम शिकवायला आलो होतो. जहाजात किती तेल चढलं, किती उतरलं आणि वाटेत किती घटलं, हे मोजायचं माझं काम. मुंबईच्या बंदरात अर्धं आयुष्य तेच केलं, आता दुसऱ्यांना शिकवत हिंडतो. सांगायला बरं वाटतं, पण खरं पाहता मी जातो तिथे चोर शोधायलाच जातो, आणि समोरचा माणूसही ते ओळखून असतो. पन्नाशीनंतर या गोष्टीचा शीण यायला लागला आहे. हल्ली जहाजाच्या शिडीवर पाय ठेवतानाच दमल्यासारखं होतं.

नांदेडच्या तेल आगारात दहा जणांचा वर्ग होता. बंदरावर बदली होऊ घातलेली माणसं, पण समुद्र पाहिलेले दोघेच. अकरावा होता सिद्धार्थ कांबळे. हा तेलातला नव्हे. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, वर दुष्काळ पडला होता, आणि नव्या कचेरीने टँकरचं पाणी मोजायला जी पोरं नेमली त्यांतला हा एक. घरातला पहिलाच सरकारी नोकर. मोजणी शिकायला त्याला साहेबांनी आमच्या वर्गात पाठवलं होतं. त्याच्याजवळच्या पत्रावर जुन्या जिल्ह्याचं नाव खोडून वर नव्याचा शिक्का मारलेला होता.

पहिल्या दिवशी मी मोजपट्टीच्या टोकाला लावायचं मलम दाखवलं. तेलाच्या टाकीत तळाशी पाणी असलं की ते मलम लाल होतं. “आपल्या धंद्यात पाणी म्हणजे लबाडी,” मी म्हणालो.

कांबळे मागून म्हणाला, “सर, आमच्याकडं उलटं हाय. आमचं पाणीच चोरीला जाऊन राहिलंय.” सगळे हसले. तो हसला नाही.

तिसऱ्या दिवशी फळ्यावर जहाज काढलं. जहाज मागच्या बाजूला खाली दबलेलं असलं आणि पट्टी पुढच्या बाजूने सोडली, तर माप कमी येतं. “तेल कमी झालेलं नसतं, ते मागे सरकलेलं असतं. म्हणून आधी जहाज कसं उभं आहे ते पाहायचं, मग पट्टी सोडायची.” कांबळेने वहीतून मान वर केली. “हे जहाजापुरतंच का सर?” दुपारचे तीन वाजले होते, वरचा पंखा नुसता कण्हत होता. मी म्हणालो, “हो, जहाजापुरतंच. टँकर काय तरंगतो का?” त्याने तसंच लिहून घेतलं.

वर्ग संपला तसं कांबळेने गळ घातली, “सर, दोन दिवस आमच्याकडं चला. एक टँकर रोज कमी भरून राहिलाय. तुमच्या हातनं एकदा बघा.” परतीच्या तिकिटाला दोन दिवस होते. गेलो.

अहमदपूरची एसटी लोह्याच्या पुढे तापून उभी राहिली. इंजिनातून वाफा निघत होत्या. कंडक्टरने एरवी तिकिटं मागतात तशा आवाजात पाणी मागितलं आणि माणसांनी आपापल्या बाटल्या, तांबे काढून थोडं थोडं ओतलं. माझ्या फ्लास्कमधलं अर्धं मीही दिलं, जरा नाखुशीने. बाहेर दोन्हीकडे काळं रान भेगाळून पडलं होतं. शेजारचा म्हातारा दस्तीने (हातरुमालाने) मान पुसत म्हणाला, “माणसाच्या आधी गाडी पेली बगा.” मग डोळे मिटून बसला.

अहमदपूरला स्टँडसमोर सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणीचा पदार्थ) खाल्ली. हॉटेलवाल्याने सोबत पाण्याचा अर्धाच पेला ठेवला. पाणी भरायची जागा गावाबाहेर सपाट मैदानात होती. तिथेच व्यंकटमामा भेटले. टँकरचे ड्रायव्हर, साठीला आलेले, मिशा पांढऱ्या. टँकर पूर्वी डिझेलचा होता. तो धुऊन पाण्याला लावलेला, त्याचं मापायचं तोंड पुढे, केबिनच्या लगत.

कांबळेने मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. व्यंकटमामांची खेप जळकोटकडच्या एका वाडीला जाते. ती त्यांनी मागून घेतली आहे, कारण त्यांची लेक रुक्मीण त्या वाडीत दिलेली. लेक रोज नजरेस पडावी, एवढाच लोभ. पण वाडीत मोजलं की पाणी कमी. दोनदा तुटीचा कागद लातूरला गेला आहे. तिसरा गेला की गुत्तेदार (कंत्राटदार) त्यांना गाडीवरून उतरवणार. “लोक म्हणतात, वाटेत ढाब्याला इकतात. माणूस तर तसा वाटत न्हाई सर. पण मापाची काठी खोटं बोलती का?”

“काठी बोलत नाही,” मी म्हणालो. हे माझं वर्गातलं ठेवणीतलं वाक्य. “काठी फक्त दाखवते.”

टँकर भरल्यावर मी स्वतः मोजलं. पाणी बरोबर खुणेला होतं. झाकणाला कुलूप घालून किल्ली कांबळेने खिशात टाकली. केबिनमध्ये आम्ही तिघं. वाटेत गाडी कुठेही थांबली नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. वाडी दिसायला लागली तेव्हा व्यंकटमामा म्हणाले, “लेकीला अजून लेकरू न्हाई साहेब. तवर तिच्या घरचं पानी बी पेत न्हाई मी. रीत हाय. अन् तिच्याच गावचं पानी इकीन का?”

वाडीचे दोन भाग, वरचा आणि खालचा. उन्हाळ्याच्या सुरुवातीला टँकर वर थांबला तर खालच्यांना पाणी मिळेना, खाली थांबला तर वरचे भांडायला उठत. तेव्हा दोन्हीकडच्यांनी मिळून ठरवलं होतं की गाडीचं चाक गावात कुठे म्हणून थांबायचं नाही. सरळ मधल्या विहिरीला मागून लागायचं, तिथेच मोजायचं आणि सगळं पाणी विहिरीत सोडायचं. ठराव न्यायाचा होता आणि लोक तो कडक पाळत होते.

गाडी विहिरीला लागली. कांबळेने कुलूप काढलं. मी वर चढून काठी सोडली. चार बोटं कमी.

पुन्हा सोडली. पुन्हा चार बोटं. खाली पन्नास-साठ माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणालो, “चार बोटं कमी आहे.” मुंबईचा मोठा साहेबही तेच म्हणतोय म्हटल्यावर कुणाच्या मनात शंका उरली नाही. एक बाई मोठ्याने म्हणाली, “घ्या, आता तरी पटलं का? रुक्मिणीच्या बापानं गावाचा घोट इकला.” गर्दीत घागर कमरेवर घेतलेली एक तरुण पोरगी मागच्या मागे वळली आणि निघून गेली. व्यंकटमामांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. ते चाकापाशी उकिडवे बसले आणि मातीत बोटाने रेघा ओढत राहिले.

कांबळेने कागद पुढे केला. गाडी थांबली नव्हती, कुलूप जसंच्या तसं होतं, तरी पाणी कमी. तेव्हाच थांबून विचार करायला हवा होता. पण डोकं तापलं होतं, पाय दुखत होते, उद्याची गाडी होती. कुलपाला दुसरी किल्ली असेल, टाकी गळत असेल, असं काहीतरी मनाशी धरून मी सही ठोकली. वीस वर्षांच्या सवयीची सही.

पाणी विहिरीत धो धो पडत होतं आणि बाया पोहरे सोडत होत्या. विहिरीभोवतीचा कातळ उताराचा. एक म्हातारी घागर ठेवण्याआधी उताराच्या अंगाला चपटा दगड सारत होती, नीट, हाताने चाचपून.

मी उगाच विचारलं, “आजी, दगड कशाला?”

“तिरपी ठिवली तर भरंल व्हय रं? हिकडून सांडती अन् तिकडून रिकामीच ऱ्हाती.” तिने मला खालून वरपर्यंत पाहिलं. “येवडं बी ठाव न्हाई? कोन्या गावचा तू?”

मी वळून टँकरकडे पाहिलं. मागची चाकं उतारात, केबिन वर. पाणी मागे, आणि आमची काठी पुढे. तीन दिवसांपूर्वी हेच चित्र मी खडूने काढलं होतं. पाणी कमी झालेलं नव्हतं, मागे सरकलेलं होतं. मला लाज वाटली.

कांबळेला हाक मारून दाखवलं. त्याचा चेहरा उतरला. “सर, मी इचारलं होतं तुम्हाला.”

“विचारलं होतंस. मी चूक सांगितलं. तो कागद पाठवू नकोस.”

पण टँकर तर रिकामा होत आला होता, आणि माझ्या नुसत्या तोंडच्या शब्दावर गाव आता कशाला विश्वास ठेवील? सिद्ध करायचं तर उद्याची खेप. मी तिकिटावर पाणी सोडलं आणि अहमदपूरला एका लॉजच्या खाटेवर रात्र काढली.

सकाळी टँकरच्या आधी वाडीत पोचलो. म्हटलं, आज गाडी विहिरीआधी एकदा सपाटीवर, शाळेपुढे थांबू द्या. लोक खवळले. शाळा वरच्या भागात. “आज मापाला थांबंल, उद्या वरच्यायला पानी द्यायला थांबंल,” खालचा एक जण म्हणाला. वरचे म्हणाले, थांबली तर काय बिघडलं? झालं, जुनं भांडण पुन्हा पेटलं. मी चोर शोधायला येतो तेव्हा लोक मुकाट्याने ऐकतात. आज माणूस सोडवायला आलो तर कुणी ऐकेना.

शेवटी कालचीच म्हातारी उठली. ती खालच्या भागातली. “मी बसते तोटीम्होरं. कोन पानी घेतंय बगू.” आणि खरोखरच, टँकर शाळेपुढे थांबला तशी ती मागच्या तोटीखाली फतकल मारून बसली. वरच्यांपैकी कुणाची पुढे यायची हिंमत झाली नाही.

मी वर चढलो नाही. खालच्या भागातला तो खवळलेला माणूस होता, त्यालाच चढवलं. त्याने काठी सोडली, काढली, ओल पाहिली. पुन्हा सोडली. मग म्हणाला, “खुणंला हाय.”

तिथून गाडी विहिरीला लावली. गाडी चालत असता तो वरच बसून होता, झाकणावर हात ठेवून. विहिरीवर त्यानेच पुन्हा काठी सोडली. चार बोटं कमी. त्याने काठीवरच्या ओलीला अंगठा लावून पाहिला. “आयला, म्हंजी हितं उभी केली की कमी दिसतंय,” तो हळूच म्हणाला, आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी माफी मागितली नाही. बाया पोहरे सोडायला लागल्या. काल ओरडलेली बाई आज पदर नीट करण्यात गुंतली होती. रुक्मीण मात्र गर्दीतून सरळ टँकरपाशी आली, हातात फडक्यात बांधलेली भाकर. “आबा, खाऊन घ्या.”

“तुज्या घरची कशी खाऊ गं?”

“गाडीत बसून खावा. गाडी काय माझं घर हाय का?”

व्यंकटमामा केबिनमध्ये चढून बसले आणि तोंड पलीकडे करून भाकर खाऊ लागले.

मी नवा कागद लिहिला. आधीच्या तीनही मोजण्या चुकीच्या, कारण मोजणाऱ्यांची चूक. माझी सही केली. कांबळे म्हणाला, “पहिल्या दोन माझ्या हायेत सर,” आणि त्याने खाली आपली केली. नोकरीला वर्ष न झालेल्या माणसाने अशी सही करायला छाती लागते. मला ती पन्नाशीत कशीबशी जमली होती.

परतताना व्यंकटमामांनी मला अहमदपूरच्या स्टँडवर सोडलं. मी म्हणालो, “मामा, चुकलो मी.” त्यांनी इंजिन बंद केलं. मग म्हणाले, “काल तुमी मोजलं तवा मी चोर. आज मोजलं तवा मी साव. मधी मी तर त्योच होतो की साहेब.”

त्यांनी माझा फ्लास्क मागून घेतला, सीटमागच्या स्वतःच्या छागलीतून (पाण्याच्या कापडी पिशवीतून) तोंडोतोंड भरला आणि पुढे केला. मिशीत हसत म्हणाले, “मोजून घ्या बरं. न्हाईतर मुंबईला जाऊन कमी भरायचं.”

नांदेड, मनमाड, आणि उभ्याने काढलेला मुंबईपर्यंतचा प्रवास. वाटेत दोनदा तहान लागली, दोन्ही वेळा घोटभरच प्यालो. घरी पोचलो तेव्हा बायकोने फ्लास्क धुवायला घेतला आणि हलवून पाहिला. “आहे की यात थोडं. ओतून देऊ?”

“नको,” म्हणालो, आणि तिच्या हातून घेऊन तोंडाला लावला. पाणी कोमट होतं, जरा मचूळ लागलं. किती उरलं होतं, ते मी पाहिलं नाही.