गच्चीवरची दोरी

"हातात धर आणि वर कर," मॅडम म्हणाल्या. मी धरलं आणि वर केलं.

पाळीचं फडकं होतं ते. गटारातून काढलेलं. काळं पडलेलं, वास मारणारं. अंगणात पोरींची रांग उभी होती. समोर खुर्ची टाकून संस्थेचे सेक्रेटरी बसले होते. त्यांना सगळे नाना म्हणत. बाजूला त्यांचा ड्रायव्हर आणि गटार उघडायला आलेला माणूस. एवढ्या बाप्यांसमोर मी ते फडकं वर धरून उभी होते.

धुळ्यातलं हे मुलींचं वसतिगृह. खेड्यांतून कॉलेजला आलेल्या पोरी तिथे राहायच्या. साल ऐंशीच्या पुढचं. मी तिथे झाडलोट करायची, पाणी भरायची, कोणी आजारी पडलं तर उशाशी बसायची. माझं माहेर धरणगावाकडे. शाळा चौथीपर्यंत. नवरा लवकर गेला, मूल नव्हतं. पोरी मला मावशी म्हणत. मॅडम म्हणजे तिथल्या रेक्टरबाई.

संडास तुंबला होता. गटार उघडलं तर ही फडकी निघाली. नानांनी सांगितलं होतं, जिची असतील तिचं नाव वसतिगृहातून कमी करा. म्हणून रांग लावली. मी एकेक फडकं उचलायचं, मॅडमनी विचारायचं, "कोणाचं हे?" पोरी अंगठ्याने माती उकरत होत्या.

पुढचं उचललं आणि माझा हात अडकला. त्याला हिरवा काठ होता. माझ्या लुगड्याचा. ते लुगडं मीच फाडून सोनगीरच्या एका पोरीला दिलं होतं. तिच्याकडे जुनं कापडसुद्धा नव्हतं. तिचं नाव मी तेव्हा घेतलं नाही, आजही घेणार नाही. ती रांगेच्या शेवटी उभी होती. ओठ पांढरे. नाव कमी झालं असतं तर तिला घरी जावं लागलं असतं, आणि घरच्यांनी स्थळ बघून ठेवलेलं होतं. शिक्षण तिथेच संपलं असतं.

मॅडमनीही काठ ओळखला. ते लुगडं माझ्या अंगावर सगळ्यांनी पाहिलेलं.

"कोणाला दिलंस हे?"

"हाई मनं शे," मी म्हणाले. माझं आहे.

नाना हसले. "मावशी, तुझं वय काय?"

पन्नाशी उलटली होती.

"म्हातारीला अजून येते म्हणे," ते ड्रायव्हरला म्हणाले. "आपल्या धुळ्याचं पाणी चांगलं दिसतंय."

ड्रायव्हर हसला. गटारवाला खाली बघत राहिला. रांगेतल्या एकदोन पोरी तोंडावर हात धरून हसल्या. ते जास्त लागलं. माझी पाळी जाऊन वर्षं झाली होती, आणि मी भर अंगणात, परक्या बाप्यांपुढे, ती आहे म्हणून सांगत होते. अंगावरचं लुगडं कोणी फेडून घ्यावं तसं झालं. नाना उठता उठता म्हणाले, हिचीच आहेत तर गटारही हीच साफ करेल. मी केलं.

त्यानंतर किती तरी दिवस मी भिंतीकडे तोंड करून जेवले. पोरी मावशी म्हणायच्या तरी मला त्यात हसू ऐकू यायचं. कुठे कोणी कुजबुजलं की वाटायचं, माझंच चाललंय.

फडकी गटारात का गेली, हे त्या दिवशी कोणी विचारलं नाही. गच्चीवरून नानांचा बंगला समोर दिसायचा. तिथून निरोप आला होता की पोरींचे असले कपडे गच्चीवर दिसायला नकोत. मॅडमनी नियम केला. मग पोरी पलंगाखाली, ट्रंकेच्या मागे फडकी वाळवायच्या. ती वाळायची नाहीत. दमटच पुन्हा घ्यायच्या. पाणी सकाळीच यायचं. ज्यांचं धुणं राहायचं त्या संडासात टाकायच्या. संस्था मात्र सांगायची, आम्ही मुलींच्या तब्येतीची काळजी घेतो. काळजी म्हणजे महिन्यातून एकदा डॉक्टरीणबाई यायच्या, डोळ्याची पापणी ओढून बघायच्या, लाल गोळ्या द्यायच्या आणि चहा पिऊन जायच्या.

भादव्यात सोनगीरच्या पोरीला ताप भरला. ओटीपोट धरून ती लोळत होती. खालून घाण जात होती, वास येत होता. मॅडम म्हणाल्या, बापाला बोलवा, घेऊन जाऊ दे. पोरीने माझा पदर धरला. "मावशी, माले घर नको धाडू."

मी तिला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी तपासलं, सुई दिली आणि मला विचारलं, हिचे कपडे वाळवता कुठे? मी म्हटलं, पलंगाखाली. त्या म्हणाल्या, "उन्हात वाळवा. नाहीतर पुन्हा घेऊन याल."

मला काय हे माहीत नव्हतं? आमच्या गावात लहान पोरीलाही माहीत असतं. पण नियम होता आणि मी नियमाची झाडलोट करणारी. दवाखान्याच्या बाकावर बसून मला पहिल्यांदा राग आला. अंगणात आली होती ती लाजच होती. राग तोपर्यंत आलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर दोरी बांधली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, बंगल्याच्या समोर. पोरीची फडकी उकळली, धुतली आणि उन्हात टाकली. बाकीच्या पोरी जिन्यातून डोकावून परत गेल्या. मी त्यांना काही म्हटलं नाही. मग एक आली, चादरीच्या आड लपवून तिने तिचं टाकलं. मी चादर काढून घेतली. आठवडा गेला आणि दोरी पुरेना.

मॅडमनी काढायला सांगितलं. मी ऐकलं नाही. मग नाना स्वतः आले, जिना चढून धापा टाकत.

"मावशी, आमच्या खिडकीतून हे सगळं दिसतं. घरी पाहुणे येतात."

"मंग खिडकी लाई ल्या, नाना," मी म्हणाले. लावून घ्या.

"कोणाशी बोलतेस, कळतं का?"

"ज्यांनी माझं वय विचारलं, त्यांच्याशी."

ते म्हणाले, उद्यापासून कामावर येऊ नको. मी म्हटलं, पोरीची परीक्षा होईपर्यंत येणार, पगार द्या नाहीतर नका देऊ. आणि दोरीला हात लागला तर हीच फडकी घेऊन कॉलेजच्या फाटकात बसेन. कशाची म्हणून विचारेल त्याला सांगेन. नाना दोरीकडे बघू शकत नव्हते आणि माझ्याकडेही नाही. तसेच खाली गेले.

पोर परीक्षेला बसली. त्यानंतर त्यांनी मला काढलं. काढू देत.

लाज गेली असं मी म्हणणार नाही. ड्रायव्हरचं हसणं अजून कानात आहे. अंघोळीला बसले की उजवा हात अजून जास्त घासते. पण त्या दिवशी गच्चीवर ठरवलं ते बदललेलं नाही. बाईच्या अंगाचं कोणी मला विचारलं, मग तो सेक्रेटरी असो की घरचा असो, मी उत्तर देत नाही. आधी त्यालाच विचारते, तू विचारणारा कोण?