डोंगर रिकामा आहे

पल्याडच्या दरीतले लोक आमच्या स्कीच्या डोंगराला, सोनेकला, ‘सासूबाईंचा डोंगर’ म्हणतात. म्हणोत बापडे. त्यांच्याकडे कडे आहेत, काळ्या पाटीचे अवघड उतार आहेत, दर हिवाळ्यात हेलिकॉप्टर येऊन दोघाचौघांना उचलून नेतं आणि त्याचीच त्यांना मिजास. आमच्याकडे हेलिकॉप्टर दिसलं तर लोक विचारतात, कुणाच्या छातीत दुखलं?

सोनेकवर येतात ती साधी माणसं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली, लेकरं सांभाळून दमलेली, पोट सुटलेली, एकदा पडून मनात धास्ती बसलेली. रुंद उतार, झाडं लांब, वळणं आळसावलेली. सकाळी वर नेणाऱ्या खुर्च्यांची लिफ्ट सुरू होण्याआधी बघावं, मशीननं रातोरात दाबून सारख्या केलेल्या बर्फावर बारीक रेघा उठलेल्या असतात, कॉर्डरॉयच्या पँटीवर असतात तशा. त्यांच्यावर स्की टाकली की ती आपली आपण चालू लागते. गुडघे जरा सैल सोडायचे, बाकी काही करायचं नाही. ज्याला काही सिद्ध करून दाखवायचंय त्यानं पल्याड जावं. ज्याला नुसतं जायचंय त्यानं इथे यावं.

ह्या डोंगरावरून रोज सगळ्यांत शेवटी खाली येण्याचं काम रोझविटाचं. लिफ्ट बंद झाली की ती वरून निघायची, एकदा डाव्या कडेला, एकदा उजव्या, झाडीच्या प्रत्येक कोपऱ्याशी थांबून हाक मारायची, “कोणी आहे का? डोंगर बंद होतोय!” हॉटेलच्या मागे चुंबाचुंबी करणारी जोडपी, स्कीचा पट्टा तुटलेली पोरं, शेवटचा ग्लास संपवत बसलेले म्हातारे, सगळ्यांना पुढे घालून आणायची. माहेरी दुभती जनावरं, लहानपणी चरायला गेलेल्या गायी हाक मारून परत आणायची ती सवय. लिफ्टवरची पोरं चिडवायची, “रोझी, तुझ्या हाकेनं पल्याडची गुरंसुद्धा घरी जातात बघ.” ती म्हणायची, “गुरं ऐकतात रे. तुमच्यासारखे बैल ऐकत नाहीत.”

आधी ती वरच्या हॉटेलात सूप ढवळायची. तिथेच तिला लांबर्ट भेटला, बर्फाचं मशीन चालवणारा. सकाळी सगळं जग कामाला निघालं की हा कामावरून यायचा, सुपाचे दोन वाडगे रिचवायचा आणि खिडकीतून आपल्याच रेघांकडे बघत बसायचा. पहिले स्कीवाले त्या रेघा मोडायला लागले की म्हणायचा, “मोडा, मोडा. त्याच्यासाठीच आहेत.” एवढंच बोलणं. तेवढ्यावर रोझविटानं लग्न केलं. मूलबाळ झालं नाही. दोघांच्या मध्ये हा डोंगर होता. तो रात्री घडवायचा, ती संध्याकाळी बंद करायची.

मग लांबर्टचा हात थरथरायला लागला. कंपवात. आधी मशीन सुटलं, मग पेला सुटला, मग चालणं. चालणं सुटलं म्हणजे पाय लुळे पडले असं नव्हे. पाय धडधाकट, पण हुकूमच ऐकेनात. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहायचा आणि उंबऱ्यावरच जमिनीला खिळायचा. पाय उचलायचा म्हणून मन लावलं की आणखीच घट्ट. डॉक्टरीणबाईंनी उपाय सांगितला की जमिनीवर पट्ट्या चिकटवा, रेघ ओलांडायची म्हटलं की पाय उचलतो. रोझविटानं टेबलापासून दारापर्यंत पांढऱ्या चिकटपट्ट्या लावल्या. जमिनीला दाढी फुटल्यासारखं दिसतंय, असं लांबर्ट म्हणाला, आणि पट्ट्यांवरून एक एक पाऊल टाकत संडासापर्यंत गेला. त्या दिवशी तिला वाटलं, चला, एवढं तरी.

एका संध्याकाळी ती कामावर निघाली तर हा स्कीचे बूट मांडीवर घेऊन बसलेला.

“हे काय नवीन खूळ?”

“मला वर ने.”

“अरे, तुला संडासापर्यंत जायला अर्धा तास लागतो.”

“तिथे उतार नाही,” लांबर्ट म्हणाला.

तिनं डोक्याला हात लावला, पण बूट बांधले. लिफ्टवाल्यानं शेवटची खुर्ची हळू केली, नजर दुसरीकडे वळवली. वर पोचल्यावर खुर्चीनं त्याला ढकललं, आणि लांबर्ट निघाला. नुसता निघाला. ह्या रेघेवरून त्या रेघेवर, मोठाली निवांत वळणं घेत, पन्नाशीतला लांबर्ट जसा जायचा तसा. खांदे सैल, हात शांत. उतार त्याला चालवत होता, त्याला कुणाला हुकूम द्यावा लागत नव्हता. रोझविटाचा चष्मा आतून भिजून गेला, पुढचं काही दिसेना. खाली पोचून स्की काढल्या आणि तो पुन्हा जमिनीला खिळला. पण चेहरा निराळा होता.

त्यानंतर रोज. तीन हिवाळे.

गर्दीत त्याला आणता येत नव्हतं. कुणी मध्ये आलं की तो थांबे, आणि थांबला की संपलंच. म्हणून रोझविटाच्या ह्या शेवटच्या फेरीच्या मागून. नियम त्याचेच होते. तिनं पुढे निघायचं, आपलं काम करत जायचं. मागे वळून बघायचं नाही. आणि हाक मारायची नाही, काही झालं तरी. “तू नाव घेतलंस की मला उत्तर द्यावंसं वाटतं, उत्तर द्यायचं म्हटलं की पाय माझ्याकडे बघतात,” तो म्हणायचा. तेव्हा दऱ्याखोऱ्यांत घुमणारा आवाज रोझविटा सगळ्यांसाठी वापरायची, नवऱ्याला सोडून.

लिफ्ट कंपनीच्या ऑफिसला ह्यातलं काही कळवलेलं नव्हतं. कळवलं असतं तर बंद झालं असतं, एवढं शेंबड्या पोरालाही समजतं. आता बघा, सोनेकच्या मधोमध एकच चढा तुकडा आहे, आम्ही त्याला थट्टेनं ‘भिंत’ म्हणतो. दिवसभर लोक तिथलं बर्फ खाली घासत आणतात आणि संध्याकाळी मशीन ते वर ढकलतं. वरच्या खांबाला पोलादी तार बांधायची, तिच्या आधारानं मशीन चढतं. ती तार बर्फात पडलेली दिसत नाही, आणि ताण आला की झटक्यात कमरेइतकी वर उठते. तिच्या वाटेत माणूस आला तर दोन तुकडे. म्हणूनच शेवटची फेरी असते. रोझविटा भिंतीच्या पायथ्याशी पोचून वॉकीटॉकीवर सांगायची, “डोंगर रिकामा आहे.” त्याशिवाय मशीन जागचं हलायचं नाही.

लांबर्टनंतर मशीन गिडीकडे आलं होतं. लांबर्टनंच त्याला शिकवलेलं. रोझविटाचं “रिकामा आहे” ऐकून गिडी खालच्या शेडमध्ये सिगारेट पेटवायचा आणि बसून राहायचा. थोड्या वेळानं शेडच्या पत्र्यावर काठीचे ठोके पडायचे. लांबर्ट पोचला. मग गिडी इंजिन चालू करायचा. तोंडातून चकार शब्द नाही. ठरवलंही कुणी नव्हतं. लिफ्टवाल्यापासून हॉटेलातल्या पोरीपर्यंत सगळे जाणून होते आणि सगळ्यांनी कानाडोळा केला होता. आपल्याच माणसाला आपल्याच डोंगरावर थोडं जाऊ द्यायचं, त्यात कसली चोरी? आणि हा तर सोनेक. इथे होऊन होऊन काय होणार?

त्या फेब्रुवारीत एका दुपारी गिडीच्या मुतखड्यानं उचल खाल्ली. गाडीत आडवा पडून, कण्हत तो इस्पितळात गेला. ऑफिसनं पल्याडहून मशीनवाला उसना मागवला. मार्सेल नावाचा, हुशार, कामाला वाघ. त्याला सगळं सांगितलं गेलं, डिझेल कुठे, किल्ली कुठे, खांब कुठला. पत्र्यावरच्या ठोक्यांचं कुणी सांगितलं नाही. सांगणार कसं? जे होतच नव्हतं, ते नवख्या माणसाला कोण सांगणार? प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं कानात घातलं असेल. गिडी गेल्याचं रोझविटालाही कुणी बोललं नाही. ती लांबर्टला घेऊन घरून थेट लिफ्टवर आली होती.

पल्याडच्या डोंगरावर वेळ वाया घालवत नाहीत. मार्सेल जंगलातल्या रस्त्यानं आधीच वर चढून आला. रोझविटा भिंतीवरून खाली निघालेली त्यानं पाहिली, मग खांबाला तार अडकवून उतारावर चारपाच मशीनं मावतील एवढं अंतर खाली उतरला आणि कडेच्या झाडीत दिवे विझवून वाट बघत थांबला. शिस्तीचा माणूस. परवानगीशिवाय ताण देणार नाही.

रोझविटा पायथ्याशी पोचली. उजेड करडा झाला होता, उतार आणि आभाळ एकाच रंगाचं. सवयीनं बटण दाबलं. “डोंगर रिकामा आहे.”

“समजलं. तार ओढतो.”

आवाज गिडीचा नव्हता.

ती गर्रकन मागे वळली. वर झाडीत दिवे लागले, इंजिन गुरगुरलं. आणि त्याच्याही वर, भिंतीच्या माथ्यावर, लांबर्ट दिसला. निवांत वळण घेत, हात शांत, सरळ त्या खांबाच्या रेषेत.

वॉकीटॉकीवर सगळे असतात. ऑफिस असतं, मॅनेजर होल्त्सर असतो, बचाव पथक असतं. काय बोललं तर काय जाईल हे तिला त्या क्षणी पक्कं ठाऊक होतं. नंतर ती कधीच म्हणाली नाही की घाबरून तोंडातून निघून गेलं.

“थांब! ओढू नको! डोंगर रिकामा नाही!”

“कोण आहे?”

“माझा नवरा.”

इंजिन थांबलं. पण तारेवर ताण आलाच होता, ती बर्फातून उठून उतारावर आडवी झाली होती, आणि लांबर्ट येतच होता. रोझविटानं वॉकीटॉकी टाकून दिला, छाती भरून घेतली आणि गायींना मारायची तशी हाक मारली.

“लांबर्ट!”

सगळ्या दरीनं ऐकलं. लांबर्टनंही. त्याच्या स्की आडव्या झाल्या, बर्फ उडालं, आणि तो थांबला. तार त्याच्यापुढे हातभरावर होती.

मग तो तिथून हललाच नाही. मार्सेलनं तार सैल केली, मशीनमधून उतरून त्याच्याकडे धावला, “आजोबा, चला, खाली चला” म्हणून विनवलं. लांबर्टचे गुडघे, हात, जबडा, सगळं थरथरत होतं आणि पाय गोठलेले. शेवटी बचाव पथकाची घसरगाडी आली. ज्या माणसानं ती भिंत उभ्या आयुष्यात दगडन्‌दगड ओळखली होती, त्याला पोत्यासारखा पट्ट्यांनी बांधून खाली आणला. लिफ्टवाले टोप्या काढून उभे राहिले. असं उभं राहायला नको होतं. मेलेल्यासाठी उभे राहतात तसे.

होल्त्सर वाईट माणूस नाही. टेबलावर हात ठेवून म्हणाला, “रोझी, तीन वर्षं तू खोटं सांगत होतीस.”

“हो.”

“मी काय करू, तूच सांग.”

“जे करायचंय ते कर. एवढा वेळ नको लावूस.”

शेवटची फेरी दुसऱ्याकडे गेली, तिला तिकीटखिडकीत बसवलं. लांबर्टला लिफ्टवर घ्यायचं नाही, असा हुकूम निघाला. मार्सेल एकदा फुलं घेऊन घरी आला, दारातच रडला. तिनं त्याला कॉफी पाजली. गिडी तर खडा पडल्यावरही महिनाभर तोंड दाखवेना.

लांबर्ट घरी होता. आठवडाभरात पट्ट्यांचा गुण गेला. रेघेपाशी यायचा, रेघेकडे बघायचा, उभा राहायचा. मार्चमध्ये खुर्ची आली, चाकांची. खिडकीतून सोनेक दिसायचा, सकाळी रेघांसकट. त्याची खुर्ची खिडकीकडे करावी की खोलीच्या भिंतीकडे, हे रोझविटाला कळेना.  त्याचं बोलणंच बंद झालं होतं.

एप्रिलमध्ये, उतारावर मातीचे डाग पडले होते, तेव्हा ती त्याला सूप भरवत होती. चमचा अडवून तो म्हणाला, “मला दिसली होती.”

“काय दिसली होती?”

“तार.”

तिनं चमचा वाडग्यात ठेवला.

“त्या उजेडात? कशी दिसेल?”

“खांब मीच रोवलाय. त्याच्यापाशी बर्फ उकरलेलं होतं. म्हणजे तार लागली.” एवढं बोलायला त्याला खूप वेळ लागला. “वरूनच दिसलं.”

“मग वळणार होतास ना तू? मी हाक मारली नसती तरी वळणार होतास?”

लांबर्टचा जबडा हलत होता. तो रोजच हलायचा, त्यावरून काही कळत नसे.

“लांबर्ट, वळणार होतास ना?”

वळणार होता, तर तिनं हाक मारून त्याचा डोंगर फुकट घालवला होता. एक वळण, पत्र्यावर दोन ठोके, आणि संध्याकाळ रोजच्यासारखी सरली असती. वळणार नव्हता, तर तीन हिवाळे तो आपल्या मागून सुखानं येतोय असं ती समजत होती, आणि तो मनात दुसरंच काही घेऊन जात होता. दोन्हींतलं कुठलं खरं निघावं हेही तिला ठरवता येईना. विचारताना तिचा आवाज चढत गेला. शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली.

तो तिच्याकडे बघत राहिला. मग नजर चमच्याकडे गेली, आणि त्यानं तोंड उघडलं. बोलण्यासाठी नाही. सूप निवत होतं.

तिनं त्याला भरवलं.