कावीळ उतरवणाऱ्याचा सत्कार

पाचोडजवळच्या आमच्या गावी गेल्या वर्षी हिपॅटायटिसचं तपासणी शिबिर झालं आणि त्यात शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार केला गेला. शाळेच्या व्हरांड्यात माझ्या फोटोचा फ्लेक्स लागला होता: कावीळ रुग्णांची आयुष्यभर सेवा. त्याच दोरीला दुसरा फ्लेक्स बांधलेला. हा आजार रक्तातून पसरतो, अंगात लपून राहतो, वेळीच तपासून घ्या. दोन्ही शेजारी शेजारी हलत होते. कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. मला मात्र दिसत होतं.

आमच्या घरात कावीळ उतरवायची रीत होती. वडील करायचे, त्यांच्यामागं मी. नोकरी वाळूजच्या एका कारखान्यात, स्टोअरमध्ये; बिऱ्हाड शहरात. पण रविवारी गावी गेलो की ओट्यावर माणसं बसलेली असायची, अगदी वैजापूरकडचीसुद्धा. कारखान्यात कुणाचे डोळे पिवळे दिसले तर सुपरवायझर त्याला आधी माझ्याकडे धाडायचा.

करायचं काय, तर आंब्याची आतली साल ठेचून तिचा रस आधीच हातांना चोळून ठेवायचा. रोग्याच्या डोक्यापासून पायापर्यंत हात फिरवत काहीतरी पुटपुटायचं आणि परातीतल्या चुन्याच्या निवळीत हात धुवायचे. पाणी पिवळंजर्द व्हायचं. ते बघून रोग्याची आई रडायची, माझ्या पाया पडायची. तो पिवळेपणा सालीचा आणि चुन्याचा होता. वडिलांनी मला सगळ्यात आधी तेच शिकवलं होतं, म्हणजे मी फसलो होतो असंही म्हणता येत नाही. मग गळ्यात मुळ्यांची माळ घालायची आणि पथ्य सांगायचं: माळ आपोआप गळून पडेपर्यंत दवाखान्याची पायरी चढायची नाही, सुई टोचून घ्यायची नाही. पुष्कळांची कावीळ आपसूकच जाते. ते नारळ घेऊन यायचे. जे आले नाहीत त्यांचं काय झालं, हे मी कधी विचारलं नाही. बसमध्ये चढलो की लोक उठून जागा द्यायचे. तेवढ्यासाठी मी हे करत राहिलो. दुसरं कारण शोधून सापडत नाही.

धाकट्या भावाची कावीळही मीच उतरवली. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. कावीळ लवकर हटेना, तेव्हा भावजय म्हणाली, शहरात नेऊ. मी त्याच्या गळ्यातल्या माळेकडं बोट दाखवलं. न्यायचं राहून गेलं. पुढं त्याचे डोळे हळूहळू पांढरे झाले आणि माझं नाव आणखी वाढलं. काही वर्षांनी तो मोसंबीच्या बागेतून दुपारीच परतायला लागला, आला की खाटेवर पडायचा. संध्याकाळी पाय सुजायचे, पोट फुगलेलं असायचं. शिबिराच्या सकाळी भावजयीनं मला गाठलं. तपासणीला तयार नाहीत, म्हणाली, तुमचं तेवढं ऐकतील.

मी सांगून पाहिलं. तो हसला. "दादा, माझी कावीळ तू उतरवलीस की. पाणी म्या सोताच्या डोळ्यानं पाह्यलं. आता त्या नर्सबाई नवीन काय सांगणार?" मात्र सत्काराला येतो म्हणाला. माझ्या गळ्यातला हार त्याला बघायचा होता.

व्हरांड्यात झेंडू, अगरबत्ती आणि स्पिरिटचा एकत्र वास येत होता. पोह्यांच्या बश्या रक्त पुसलेल्या कापसाशेजारी पडलेल्या. बोटातलं रक्त पट्टीवर घेऊन तपासायच्या टेबलापुढं रांग म्हणावी अशी नव्हतीच. सरपंचांनी शाल घातली तेव्हा पुढच्या रांगेतला एकजण नर्सबाईंना ऐकू जाईल असं बोलला, "मामा, ह्यांच्या पट्टीपरीस तुमची परात बरी, रिझल्ट लगेच." सगळे हसले. नर्सबाई खाली मान घालून हातमोजे चढवत राहिल्या. भाऊ सगळ्यात जास्त हसत होता.

सरपंच म्हणाले, दोन शब्द बोला. मी म्हणालो, आधी चुना द्या. लोकांना गंमत वाटली. चार-पाच खिशांतून चुन्याच्या डब्या पुढं आल्या. नारळ फोडायला आणलेला कोयता घेऊन मी आवारातल्या आंब्याची साल काढली, ठेचली, तिचा रस सरपंचांच्या हातांना चोळला. सत्काराच्या ताटात पाणी ओतून चुना कालवला, वरचं पाणी निवळू दिलं आणि त्यात त्यांना हात धुवायला लावले. पाणी पिवळं झालं.

"सरपंच, आता माळ बांधा," मागून कुणीतरी बोललं. हशा विरला तसा मी बोललो. "ह्यांना कावीळ नाय. कुणाचेबी हात धुतले तरी असंच होतं. मी लोकांना दवाखान्यात जाऊ दिलं नाय."

भाऊ उठून उभा राहिला. "माझ्या टायमाला बी हेच केलंस?"

"व्हय."

"ही तवा शहरात न्या म्हणत व्हती." त्यानं भावजयीकडं पाहिलं, माझ्याकडं नाही. मग थेट टेबलापाशी गेला आणि नर्सबाईंपुढं बोट धरलं.

पट्टीवर दुसरी रेघ उमटली, म्हणजे आजार अंगात होता. नर्सबाई त्याला बाजूला घेऊन शांतपणे समजावत होत्या: ही पहिलीच तपासणी आहे, पुढच्या तपासण्या शहरात करू, औषध आहे, घरातल्या सगळ्यांनाही तपासून घ्या. खांद्यावरची शाल मला नकोशी झाली होती. ती खुर्चीवर टाकली, तर कुणीतरी घडी करून परत हातात आणून दिली.

आता दर महिन्याला तो औषधासाठी शहरात येतो. यकृत आकसलंय. रोग थांबेल, गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. परतीच्या बसला वेळ असतो म्हणून माझ्याकडं थांबतो. पहिल्यांदा आला तेव्हा मी पाण्याचा पेला पुढं केला. त्यानं माझ्या हातांकडं पाहिलं, आणि आत जाऊन स्वतः पाणी भरून घेतलं. अजूनही तसंच करतो.

गेल्या खेपेला तो बसलेला असतानाच वैजापूरहून फोन आला. मुलाचे डोळे पिवळे झालेत, कधी घेऊन येऊ? एवढं सगळं झाल्यावरही असे फोन येतात. मी काही बोलायच्या आत भावानं फोन घेतला. "हितं कुणी कावीळ उतरवत नाय," तो म्हणाला. "पोराला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या, रक्त तपासा."

मग त्यानं फोन माझ्यासमोर टेबलावर ठेवला. तो घ्यायला मी हात पुढं केला होता.