पंचवीस डिसेंबरचा वाढदिवस

आमच्या घरात नाताळ नव्हता. डिसेंबरच्या पंचवीस तारखेला ड्रमगॉर्नच्या शेतावर रोजच्यासारखाच दिवस उजाडायचा, म्हणजे आमच्या उत्तरेकडच्या बँफशर परगण्यात डिसेंबरात जे काय उजाडतं ते. गुरांना सलगम कापून घालायचे, शेण ओढायचं, पोस्टमन नेहमीच्या वेळी यायचा आणि शाळाही भरायची. सण म्हणजे नववर्षाचा. त्या दिवशी माझे आजोबासुद्धा एक घोट व्हिस्की घ्यायचे आणि दुसरा घ्यावा की नाही याचा विचार करत बराच वेळ बसायचे.

आजोबा, म्हणजे अ‍ॅडम रेनी, गावच्या चर्चच्या पंचांपैकी एक. नाताळ हे रोमचं, पोपच्या लोकांचं खूळ आहे असं त्यांचं मत होतं, आणि त्यांचं मत तेच घराचं मत. माझी आई नेट्टा मात्र समुद्राकाठची, एपिस्कोपल म्हणजे सणवार पाळणाऱ्या पंथाच्या घरातली. तिच्या माहेरी नाताळ व्हायचा, दाराला हिरव्या डहाळ्या लागायच्या. लग्नानंतरच्या पहिल्याच डिसेंबरात तिने आजोबांना विचारलं, नाताळला डंपलिंग करू का? आजोबा म्हणाले, बायबलात दाखव आणि कर. आईने खरोखर शोधलं. जन्म सापडला, तारीख सापडली नाही.

मग तिने विचारलं, वाढदिवसाचं डंपलिंग केलं तर चालेल? आजोबा म्हणाले, वाढदिवसाला हरकत कसली. आमच्याकडे वाढदिवस म्हणजे डंपलिंग आणि डंपलिंग म्हणजे वाढदिवस. पीठ, चरबी, बेदाणे, काकवी, मसाला असं सगळं कालवून कापडात बांधायचं आणि अर्धा दिवस उकळायचं. आता वाढदिवसाची परवानगी मिळाली, पण पंचवीस तारखेला घरातल्या कुणाचाच वाढदिवस नव्हता. आई उठली आणि तबेल्यात आर्चीकडे गेली.

हा आर्ची पर्डी आमच्याकडे लहानपणी आला. ग्लासगोची अनाथ पोरं तेव्हा खेड्यापाड्यांत ठेवायला पाठवत, त्यांतला तो. आला तो राहिलाच. आधी कोंबड्या, मग गुरं, मग घोडे. मला आठवतो तेव्हा तो घोड्यांचा मुख्य गडी होता, मोठ्या कानांचा, वाकडी नांगरट दिसली की दुसऱ्याच्या शेतातही जीव कासावीस होणारा. लग्न त्याने केलं नाही. त्याला कुणी विचारलं नाही आणि त्याने कुणाला विचारलं नाही.

त्याचा एकच दोष होता, त्याला खोटं बोलता येत नसे. येत नसे म्हणजे जमतच नसे, काहींना शीळ घालता येत नाही तसं. एकदा कीथच्या बाजारात आजोबांनी एक घोडी विकायला काढली. गिऱ्हाईक ठरलं, हात मिळवायचा तेवढा बाकी होता. गिऱ्हाइकाने सहज आर्चीला विचारलं, घोडी कशी आहे? आर्ची म्हणाला, चांगली आहे, पूल आला की बसते. घोडी परत घरी आली. आजोबा त्याला एका शब्दाने बोलले नाहीत, पण पुन्हा कधी बाजाराला नेलं नाही.

अशा माणसाला आईने विचारलं, तुझा वाढदिवस कधी असतो?

"ठाऊक नाही, वहिनी. मला कुणी सांगितलेलं नाही."

"मग पंचवीस डिसेंबर असू शकेल?"

आर्चीने घोड्याचा खूर खाली ठेवला आणि विचार केला. "असू शकेल," तो म्हणाला. मग आणखी विचार करून म्हणाला, "नसूही शकेल."

"पण असू शकेल ना?"

"तसा असू शकेल."

आईला तेवढं पुरे होतं. सापही मरावा आणि काठीही मोडू नये, अशी बाई ती. त्या संध्याकाळी टेबलावर डंपलिंग आलं, चकचकीत साल धरलेलं, वाफाळतं, आणि आईने जाहीर केलं की आज आर्चीचा वाढदिवस आहे. आजोबांनी तिच्याकडे पाहिलं, आर्चीकडे पाहिलं, शेगडीकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढली. मग डोळे मिटून प्रार्थना म्हटली, "प्रभो, या टेबलाशी बसलेल्या आर्ची पर्डीला सांभाळ." बस, तेवढीच. आजोबा शब्दांच्या बाबतीतही काटकसरीच होते.

पुढे दर वर्षी तेच. आम्हा दोघा भावंडांना तर शाळेत जाईपर्यंत वाटायचं की पंचवीस डिसेंबर हा सगळ्या जगात आर्चीचा वाढदिवस म्हणून पाळतात. डंपलिंगच्या पोटात आई कागदात गुंडाळून चांदीचं नाणं, अंगुस्तान आणि बटण घालायची. बटण ज्याला मिळेल तो बिनलग्नाचा राहणार. ते दर वर्षी आर्चीच्याच तुकड्यात निघायचं, कारण पहिला तुकडा वाढदिवसवाल्याचा आणि आईला बटण कुठे आहे ते ठाऊक असायचं. आर्ची ते पुसून खिशात ठेवायचा आणि म्हणायचा, "सदऱ्याला कामाला येईल." मला नक्की सांगता येतं, वर्षातून त्या एकाच संध्याकाळी तो टेबलाच्या वरच्या बाजूला, मानाच्या जागी बसायचा, आणि तिथे बसायला त्याला फार आवडायचं.

मी नऊ-दहा वर्षांची असताना उन्हाळ्यात ग्लासगोहून बेला नावाची एक बाई आली. बिस्किटांच्या कारखान्यातली, ठसठशीत, हातात एक मोठा डबा. ती आर्चीची थोरली बहीण. इतकी वर्षं शोधून तिने त्याला गाठलं होतं. दोघं तबेल्याबाहेर बाकावर बसली. आर्ची बहुतेक ऐकतच होता. बोलता बोलता बेलाने हसत सांगितलं, तू जन्मलास तेव्हा काय तारांबळ! अठ्ठावीस मे, घरं बदलायचा दिवस. सगळी आळी खाटा आणि कपाटं हातगाड्यांवर घालून रस्त्यात, आणि सुईणसुद्धा स्वतःचं बिऱ्हाड हलवत होती.

आमच्याकडेही अठ्ठावीस मे हा बदलीचाच दिवस. गडी सहामाहीने ठेवलेले असायचे. मुदत संपली की आपापली पेटी गाडीवर टाकून दुसऱ्या शेतावर जायचे. जो गडी मालकाला हवा असेल त्याला मालक मुदतीआधी विचारतो, राहणार का? विचारलं नाही तर पेटी बांधायची, कुणी काही सांगायची गरज नाही. आर्चीला असं कधीच विचारलं गेलं नव्हतं. तो गडी म्हणून आलाच नव्हता, त्यामुळे विहिरीला जसं कुणी राहणार का म्हणून विचारत नाही तसं त्याला कुणी विचारलं नाही. दर अठ्ठावीस मेला तो दुसऱ्यांच्या पेट्या तबेल्यावरच्या गड्यांच्या खोलीतून जिन्याने उतरवून गाडीत चढवायचा. म्हणजे आपल्या खऱ्या वाढदिवसाला तो दर वर्षी हमाली करत होता.

बेला गेल्यावर त्याने हे आईला सांगितलं. आईचा चेहरा उतरला. ती म्हणाली, हे आपल्या दोघांतच राहू दे, मामंजींच्या कानावर गेलं तर पोरांचा एवढा एक दिवसही जाईल.

"मी सांगायला जाणार नाही, वहिनी," आर्ची म्हणाला. "पण मालक माझ्यासाठी प्रार्थना करतात. आता मला ठाऊक असून देवाकडे खोटी तारीख जायची."

डिसेंबर आला. आईने डंपलिंग केलं, पण दिवसभर तिचं चित्त ठिकाणावर नव्हतं. संध्याकाळी सगळे बसले. माझे वडील नेहमीप्रमाणे सगळ्यांशी सहमत असल्यासारखे बसले होते. आजोबांनी डोळे मिटले, तोच आर्ची खुर्चीवरून उठला.

"मालक, आज माझा वाढदिवस नाही. तो मेमध्ये असतो. अठ्ठावीसला."

आईने सुरी खाली ठेवली. मला रडू येऊ लागलं. डंपलिंग समोर होतं आणि ते आता उचललं जाणार याची मला खात्री होती.

आजोबांनी डोळे उघडले. "मला ठाऊक आहे," ते म्हणाले.

आर्ची म्हणाला, "बेलाने सांगितलं तुम्हाला?"

"नाही. तुला पोचवायला जो साहेब आला होता त्याने सांगितलं. तू आलास त्याच दिवशी."

"मग आज वाढदिवस आहे असं का म्हणायचात?"

"मी कधीच तसं म्हटलं नाही. टेबलाशी बसलेल्या आर्ची पर्डीला सांभाळ, एवढंच म्हटलं. तू बसलेला असायचास."

हे खरं होतं. माणूस किती सावध असावा! इतक्या वर्षांत त्या संध्याकाळी टेबलाशी त्यांच्या तोंडून वाढदिवस हा शब्द एकदाही निघाला नव्हता. नाताळाचं डंपलिंग त्यांच्या घशाखाली उतरलं नसतं, आर्चीचं उतरत होतं. आणि त्यांना ते हवं होतं, आमच्याइतकंच हवं होतं.

आर्चीचे कान लाल झाले होते. "मला का नाही सांगितलंत?" त्याने विचारलं.

"तू विचारलं नाहीस."

आर्चीने मान हलवली. मग आईच्या हातून सुरी घेतली, पहिला तुकडा कापला, ताटलीत घातला आणि ताटली आजोबांसमोर सरकवली. "मग हा तुमचा," तो म्हणाला. "आज माझा सण नाही. तुमचा आहे." आणि तो दार ओढून घेऊन तबेल्याकडे गेला.

आजोबा तुकड्याकडे बघत राहिले. आता आडोशाला आर्ची नव्हता. खायचं तर नाताळ म्हणूनच खायचं होतं. त्यांनी खाल्लं. दुसऱ्याच घासाला बटण दाताखाली आलं. ते काढून त्यांनी ताटलीच्या कडेला ठेवलं आणि उरलेलं संपवलं. आम्हा पोरांनाही तुकडे मिळाले. मला ते गोड लागलं नाही हे सांगायला हवं, कारण लागेल असं वाटलं होतं.

त्यानंतर आर्चीने काम चुकवलं नाही की उलट उत्तर दिलं नाही. फक्त जेवायला तो आमच्या टेबलाऐवजी इतर गड्यांबरोबर बसू लागला. वसंतात आजोबा रीतीप्रमाणे एकेका गड्याला विचारत फिरले. आर्चीपाशी आले, घोड्याच्या मानेवर हात ठेवून हवेबद्दल बोलले आणि पुढे गेले. आई त्यांच्यावर चिडली. तिने तोंडावर सांगितलं की मामंजी, विचारा त्याला, नाहीतर जाईल तो. आजोबा म्हणाले, आर्ची कुठे जातो? पण त्यांच्या आवाजात दम नव्हता.

अठ्ठावीस मेला सकाळी गाड्या लागल्या. आर्ची नेहमीसारखा पेट्या उतरवत होता. सगळ्यांच्या झाल्यावर त्याने आणखी एक पेटी आणून तबेल्याच्या दाराशी ठेवली. ती त्याची होती. मी धावत आईला सांगायला स्वयंपाकघरात गेले, तर आई दारातच उभी होती आणि आत चुलीपाशी आजोबा होते.

त्यांनी पहाटेच पातेलं चढवलं होतं. आईला हात लावू देत नव्हते. बाह्या वर केलेल्या, मिशीला पीठ, आणि उकळी मोडू नये म्हणून किटलीतलं कढत पाणी ते थोडं थोडं ओतत होते. चर्चच्या पंचाला त्या अवतारात पाहून मला हसू यायला हवं होतं, पण आईने माझा खांदा घट्ट धरला होता. आजोबांनी मला आर्चीला बोलवायला पाठवलं.

आर्ची आला आणि टोपी हातात घेऊन उंबऱ्याशी थांबला. आजोबांनी गाठोडं बाहेर काढून सोडलं. कापडाला आतून पीठ लावायचं असतं, त्यानेच साल धरते. ते त्यांनी लावलं नव्हतं. अर्धं डंपलिंग कापडालाच चिकटून आलं आणि उरलेलं ताटात बसलं, फिकट, ओबडधोबड, वरून सोलल्यासारखं. आजोबांनी त्याचा एक तुकडा कापून टेबलाच्या वरच्या बाजूला ठेवला.

"बस," ते म्हणाले. आर्ची बसला. आजोबा उभेच राहिले. त्यांनी डोळे मिटले. "प्रभो, आज ज्याचा वाढदिवस आहे त्या आर्ची पर्डीला सांभाळ." मग डोळे उघडून, आर्चीकडे न बघता, कापडाकडे बघत म्हणाले, "आर्ची, राहणार का?"

आर्चीने घास घेतला. बराच वेळ चावला. बाहेर गाडीवान हाका मारत होता.

"मालक," तो म्हणाला, "याला साल धरली नाही. मध्ये कच्चंही आहे."

"दिसतंय मला," आजोबा म्हणाले.

आर्चीने तो तुकडा संपवला, कडा खरवडून संपवला, आणि ताटली पुन्हा पुढे केली. आजोबांनी दुसरा तुकडा घातला. तो खाता खाता आर्ची खिडकीतून बाहेर बघून मला म्हणाला, "पोरी, आभाळ भरून आलंय. जा, त्या गाडीवाल्याला सांग, माझी पेटी चढवू नकोस म्हणावं. वर न्यायची आहे."