हळूबाईची चकती

माझी धाकटी मेहुणी सगळ्यांना 'हळू' म्हणते. दार हळू, पेला हळू, शिंकसुद्धा हळू. म्हणून घरात ती हळूबाई.

तिचं काम अणू बघायचं. नुसते अणू नव्हेत, त्यांचं चुंबकत्व. त्यासाठीचा सूक्ष्मदर्शक माणसाहून उंच. त्यात उजेडाऐवजी इलेक्ट्रॉन सोडतात. त्यांना वळवणारं भिंग म्हणजे दांडगं चुंबकच. नेहमीच्या यंत्रात त्याच्या जोरापुढे नमुन्याचं नाजूक चुंबकत्व मोडून जातं. नव्या यंत्रात दोन चुंबकं समोरासमोर अशी भिडवलीत, की नमुन्याच्या जागी जोर शून्य.

हे यंत्र तिला शुक्रवारपर्यंतच मिळालं होतं. चित्र आलं नाही तर कित्येक वर्षांची मेहनत पाण्यात.

सोमवारी तिने आम्हा दोघांना बघायला नेलं. दारातच झडती. माझ्या किल्ल्या गेल्या, बायकोच्या केसांतल्या पिना गेल्या.

"अगं, मी काय यंत्र पळवणारे?"

"ताई, आत लोखंड नको."

तिने नमुन्याची चकती यंत्रात सरकवली. केसाहून कितीतरी पातळ होईतो आठवडेच्या आठवडे घासलेली. मी जन्मभर कारखान्यात लोखंड घासलं. एवढं नसतं जमलं. मग ती पलीकडच्या खोलीत पडद्यापुढे बसली. जुन्या यंत्राच्या सवयीने हात गेला आणि एकच चुंबक चालू झालं. समोरचं बंदच.

हळूबाईने झटकन ते बंद केलं.

"काय झालं गं?"

"मोडलं. चकतीतल्या चुंबकत्वाची सगळी मांडणी गेली."

"म्हणजे माझ्या पिना काढल्यास आणि स्वतः चुंबकाचा डोंगर आत सोडलास!"

ती हसली नाही. तिथूनच साहेबांना फोन लावला. "सर, चकती गेली. चूक माझी." यंत्रावर खापर फोडता आलं असतं. नाही फोडलं.

अर्धी घासलेली दुसरी चकती होती. ती घेऊन बसली. घाई केली की तुटते. बुधवारी मी डबा घेऊन गेलो, तर ही हात मांडीवर ठेवून बसलेली.

"काम सोडून आराम?"

"हात थरथरतोय, भावोजी. आत्ता घासलं तर हीपण जाईल."

मी डबा ठेवला आणि निघालो.

शुक्रवारी दुपारी फोन आला.

"ताई, चित्र आलं! एका ओळीतल्या अणूंचं चुंबकत्व उजवीकडे, शेजारच्या ओळीचं डावीकडे. स्वच्छ दिसतंय."

"छान. आता जेवायला ये."

"नको. संध्याकाळपर्यंत यंत्र माझं आहे. पुन्हा घेते. एकदा दिसलं म्हणजे खरंच, असं कुठंय?"

बायकोने फोन ठेवला. "हिला ना, सुख बोचतं."