घट्ट झाकणाची बाटली

मोठ्या माणसानं दूध प्यावं की नाही, या प्रश्नाचं माझ्याकडे उत्तर आहे, पण ते कुणालाच नको असतं. मी सौदीतल्या राबिघमधल्या एका खासगी हॉस्पिटलात फिजिशियन आहे. ज्याला पचतं त्यानं प्यावं, ज्याला पचत नाही त्यानं पिऊ नये. दही-ताक पुष्कळांना सोसतं. आणि काहीच नको असेल तर नाचणी, तीळ, पालेभाज्या आहेतच. एवढंच ते उत्तर. यावर भांडता येत नाही, म्हणून पेशंटसुद्धा हिरमुसतात. माझ्या नवऱ्याला तर हा निव्वळ पळपुटेपणा वाटतो.

नवरा इथल्या रिफायनरीत प्रोसेस इंजिनियर आहे, मूळचा नाशिकचा. मागच्या उन्हाळ्यात एकदा त्याचं पोट बिघडलं. मी म्हटलं, मटण-भाताच्या कब्साचं अख्खं ताट एकट्यानं संपवलंस, दुसरं काय होणार. हे निदान त्याला फारच साधं वाटलं. त्यानं मोबाइलवर दोन-चार व्हिडिओ पाहिले आणि दोष दुधाचा आहे असं ठरवून टाकलं. पोट म्हणजे रिअॅक्टर. फीडस्टॉक चुकीचा गेला की आउटपुट बिघडणारच. शिवाय जगातला कुठलाही प्राणी मोठा झाल्यावर दूध पीत नाही, आणि दुसऱ्या प्राण्याचं तर नाहीच नाही. हे त्यानं इतक्या वेळा ऐकवलं की 'प्राणी' हा शब्द कानावर पडला की मी चहाचं आधण ठेवायला उठायचे.

नुसतं सोडलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण गुपचूप काही सोडणं त्याच्या स्वभावात नाही. एका शुक्रवारी त्यानं ओळखीच्या मराठी कुटुंबांना जेवायला बोलावलं आणि जेवणाआधी लॅपटॉपवर स्लाइड दाखवल्या. शेवटच्या स्लाइडवर एक वासरू होतं. ते बघून दोन घरांनी दूध सोडलं. त्यातल्या एका घरानं आठवड्याभरात परत धरलं, कारण त्यांच्याकडे कढी झाली. वासराचा तो फोटो नवऱ्यानं व्हॉट्सअॅपला डीपी म्हणून लावला. मटण मात्र चालू राहिलं. त्याबद्दल विचारलं की म्हणायचा, "विषय भरकटवू नकोस."

या सगळ्या प्रचारातून त्याला एकच खरी चेली मिळाली, ती आमची मुलगी. ती दहावीत आहे. त्या वासराकडे तिनं बराच वेळ पाहिलं आणि त्या दिवसापासून चीज, आइस्क्रीम, चॉकलेट सगळं बंद. दुकानात बिस्किटांच्या पुड्यावरची बारीक अक्षरं वाचायची आणि दुधाची पावडर निघाली की पुडा जागेवर ठेवून द्यायची. मैत्रिणीच्या वाढदिवसाला गरम कुनाफा, म्हणजे इथली चीजची मिठाई, समोर आला, तरी हात लावला नाही. मटणही तिनं आपणहून सोडलं, त्याची स्लाइड कुणी दाखवलेली नसताना. मी तिचं रक्त तपासून घेतलं, घरात नाचणी आणून ठेवली आणि हे खूळ कधी उतरतंय याची वाट बघत बसले. ते उतरलं नाही.

अशा घरात सप्टेंबरमध्ये माझ्या सासूबाई व्हिजिट व्हिसावर आल्या. सासरे गेल्यापासून त्या नाशिकला एकट्याच असतात. बॅगेत कपडे कमी आणि डबे जास्त: चारोळी, वेलची, जायफळ, केशराची डबी, शिवाय साडीत गुंडाळलेलं निरांजन. आमच्याकडे कोजागिरीला घरातल्या पहिल्या अपत्याला ओवाळतात आणि आटवलेल्या दुधाचा पेला त्याच्या हातात देतात. नवरा थोरला. तो इकडे आल्यापासून त्या दर कोजागिरीला मोबाइलच्या स्क्रीनला ओवाळत आणि त्याच्या वाट्याचं दूध सोसायटीच्या वॉचमनला देऊन टाकत. "वॉचमनलाच ओवाळायचं तेवढं राहिलंय," असं त्या मला फोनवर म्हणायच्या. यंदा येण्याच्या तारखा त्यांनी कोजागिरी मध्ये धरूनच ठरवल्या होत्या. एकदा तरी तो पेला लेकाच्या हातात द्यायचा होता त्यांना.

दूध सोडल्याचं नवऱ्यानं जगाला सांगितलं होतं, आईला नाही. त्या आल्या त्याच दिवशी जेवताना त्यांनी विचारलं, "दही कुठंय?"

"आई, मी दूधदुभतं सोडलंय."

"का रे? उपास धरलायस का?"

"उपास नाही. कायमचं."

"डॉक्टरांनी सांगितलं?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं.

"अगं, कुठला प्राणी मोठा झाल्यावर दूध पितो, सांग बरं?"

"कुठला प्राणी चष्मा लावतो?" सासूबाई म्हणाल्या आणि भात कालवायला लागल्या. मुलगी खुदकन हसली. नवरा चष्मा सारखा करत बसला.

तेव्हा मी पण हसले, पण पुढचे दिवस मला जड गेले. सासूबाईंना लाड करता येतात ते दुधातूनच. तव्यावरून उतरलेल्या पोळीवर लोणी, भातावर दही, साय-साखर, कढी, श्रीखंड. 'मला तुझी आठवण येते' वगैरे त्यांना बोलता येत नाही, त्या वाटी पुढे सरकवतात. आणि नवरा ती वाटी दोन बोटांनी परत सरकवायचा, अगदी नम्रपणे. मला त्याचा मनापासून राग यायचा. सुपरमार्केटात त्या एकदा दुधाच्या फ्रीजसमोर उभ्याच राहिल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत दूध, दही, लबन म्हणजे इथलं बाटलीतलं ताक, कोपऱ्यात उंटिणीचं दूधसुद्धा. "एवढ्या वाळवंटात एवढं दूध," त्या म्हणाल्या, "आणि माझ्याच लेकाच्या घरी दुष्काळ."

कोजागिरीच्या आधीच्या शुक्रवारी आम्ही भाजी आणायला निघालो. मुलगी अभ्यासाला घरी थांबली होती. मी आणि सासूबाई मागच्या सीटवर होतो. चौकातल्या गोलातून बाहेर पडताना नवऱ्यानं गाडी जोरात पुढे काढली आणि त्याच्या सीटखालून एक छोटी प्लॅस्टिकची बाटली गडगडत मागे आली. तिच्या पाठोपाठ दुसरी. दोन्ही रिकाम्या, आतून पांढऱ्या. लबनच्या. नवरा आडव्या घुसलेल्या ट्रकवाल्याचा उद्धार करण्यात गुंतला होता, त्याला काही पत्ताच नव्हता.

माझं डोकं असं तापलं की मी तोंड उघडलंच होतं. सासूबाईंनी माझ्या हातावर हात दाबला. एक बाटली त्यांनी चपलेनं हळूच परत सीटखाली ढकलली. दुसरी उचलली, तिचं झाकण लावून पाहिलं, काढून पाहिलं आणि ती आपल्या पिशवीत टाकली.

घरी आल्यावर बघते तर बाटली गरम पाण्यानं धुऊन ओट्यावर पालथी घातलेली.

"आई, तुम्हाला वाईट नाही वाटलं?" मी विचारलं.

"वाटलं ना." त्या नारळ फोडत होत्या, हात थांबला नाही. "त्याला दूधच नको असतं तर मी गप्प बसले असते. म्हटलं असतं, नाही सोसत माणसाला. पण दूध हवंय आणि माझ्या हातचं तेवढं नको, असं झालं ना गं हे."

"मी आजच विचारते त्याला. मुलगी तिकडे वाढदिवसाचा कुनाफा सोडते आणि हा..."

"काही विचारू नकोस. लहानपणी असाच एकदा फुगून म्हणाला, मी पुरणपोळी खाणार नाही. मग सगळे जेवले आणि हा भुकेला बसून राहिला. हवी होती गं त्याला, पण एकदा बोलून बसला की परत कसं फिरायचं ते त्याला कळत नाही. बाटली राहू दे तिथंच. झाकण चांगलं घट्ट बसतंय."

मी मूग गिळून बसले. फार कठीण गेलं.

कोजागिरीच्या दिवशी कामावरून आल्या आल्या नवरा मला स्वयंपाकघराबाहेर गाठून म्हणाला, "मी ओवाळून घेतो. पेला नुसता ओठाला लावीन. तू आईला जरा समजाव."

"तूच समजाव," मी म्हटलं. "स्लाइड कर."

कोजागिरीला खरं तर मध्यरात्रीपर्यंत जागायचं. पण सकाळी सहाला मुलीची शाळेची बस येते, तेव्हा देवीला आमच्याकडे जरा लवकर यावं लागतं. मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, अजान होऊन थोडा वेळ झाल्यावर आम्ही मागच्या अंगणात चटई टाकली. इथल्या घरांच्या भिंती उंच असतात, त्यामुळे चंद्र दिसायला अंमळ थांबावं लागलं. रिफायनरीची ज्वाला मात्र आधीपासून दिसत होती, चंद्रापेक्षा ठसठशीत. हवा दमट पण पडलेली होती, निरांजन चटकन पेटलं.

पन्नाशीला आलेला, टक्कल पडलेला माझा नवरा पाटावर मांडी घालून बसला. सासूबाईंनी कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, सुपारीनं आणि अंगठीनं ओवाळलं. फोनला ओवाळायची सवय झालेली, त्यामुळे निरांजन एकदम त्याच्या नाकाजवळ नेलं. तो मागे सरकला तशा त्या हसल्या. मग त्यांनी पेला भरून पुढे केला. केशर, जायफळ, वर चारोळ्या. तो वास इतका ओळखीचा होता की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

नवऱ्यानं पेला घेतला नाही. त्यानं आईकडे पाहिलं, मग मुलीकडे पाहिलं. मुलगी एकटक त्याच्याकडे बघत होती. त्याची मला पहिल्यांदाच दया आली. पिऊन टाकला असता तर लेकीच्या नजरेतून उतरला असता, आणि नाही म्हणाला असता तर आई पेला घेऊन तशीच उभी राहिली असती.

"आई, तुला माहितीये ना," तो म्हणाला. "नारळाचं दूध वगैरे केलं असतंस तर एका घोटात प्यायलो असतो."

"केलंय की," सासूबाई म्हणाल्या आणि मागच्या लहान पातेल्यावरचं झाकण त्यांनी काढलं. नारळाचं दूध, तेच केशर, त्याच चारोळ्या. नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. त्यानं हात पुढे केला.

"हे तुझं नाही. हे हिचं." त्यांनी नातीला दुसऱ्या पाटावर बसवलं, तिलाही ओवाळलं. "तूही पहिलीच ना गं. हे घे. यात दुधाचा थेंब नाही, चमचासुद्धा वेगळा घेतलाय."

"थँक यू, आजी," मुलगी म्हणाली. तिच्या सोडण्याला घरात पहिल्यांदाच कुणीतरी खरं मानलं होतं, आणि ते मी मानायला हवं होतं.

"आणि मी?" नवऱ्यानं विचारलं. विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

सासूबाई आत गेल्या आणि ती बाटली घेऊन आल्या. मोठ्या पातेल्यातलं मसाला दूध त्यांनी एक थेंब न सांडता तिच्यात भरलं, झाकण फिरवून घट्ट केलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं. "पेल्यातून नको असेल तर उद्या डब्याबरोबर ने. बाटली तुझीच आहे."

मग मुलीनं बाटली उचलली आणि सवयीनं तिच्यावरची अक्षरं वाचली. "बाबा," ती म्हणाली, "इट सेज लबन."

नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. आईनं बाजूला ठेवलेला भरला पेला त्यानं उचलला आणि तळापर्यंत रिकामा केला. मिशीला साय लागली होती.

"साखर बरोबर झालीय का?" सासूबाईंनी विचारलं.

"थोडी जास्त आहे," तो म्हणाला आणि पेला परत पुढे केला.

त्या भरताना मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि निरांजनाच्या धुराला दोष दिला. मुलगी नारळाचं दूध पीत हसू दाबत होती. "यू आर सो बस्टेड," ती हळूच म्हणाली.

डीपीवरचं वासरू अजून आहे. मुलीनंही अजून दूध धरलेलं नाही, आणि मी आता वाट बघणं सोडलंय. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवरा कामावरून आला तेव्हा बाटली सीटखाली गेली नाही. ती रिकामी होऊन ओट्यावर आली. धुतलेली अर्थातच नव्हती. सासूबाईंनी ती गुणगुणत धुतली आणि उद्याच्या ताकासाठी विरजण लावायला घेतलं.