नम्रता घरत आणि तात्यांची हायब्रीड

"पोती टाकली का नाय, एवढंच सांगा."

"अगं, पोत्यांचा आणि गाडी बंद पडण्याचा काय संबंध? गाडी आहे ना ती? का देवाची पालखी?"

"तात्या, पोती टाकली का?"

"तीन टाकली."

"तीन?"

"पाच! आता फाशी दे मला."

लोधिवलीला जुन्या हायवेच्या कडेला पत्र्याची शेड आहे. तिथे नम्रता घरत कमरेवर हात ठेवून उभी होती आणि समोर प्लास्टिकच्या खुर्चीत कर्जतचे तांदळाचे व्यापारी तात्या बापट बसले होते, शाळेत उशिरा आलेल्या मुलासारखे. दोघांच्या मध्ये तात्यांची पांढरी हायब्रीड. तीन लाख ब्याण्णव हजार किलोमीटर चाललेली, आणि आज दोरखंडानं ओढून आणलेली.

हायब्रीड म्हणजे पेट्रोलचं इंजिनही आणि विजेची मोटरही. मोटरची बॅटरी मागच्या सीटच्या पाठीमागे. तिला गार ठेवणारा पंखा सीटच्या बाजूच्या जाळीतून हवा ओढतो. तात्यांची पोती नेमकी त्या जाळीला टेकून बसतात.

"चार महिन्यांपूर्वी काय सांगितलेलं मी?"

"जाळी मोकळी ठेवा."

"मंग?"

"मोकळीच होती! पोत्यातून हवा जात नाही का? गोणपाट आहे ते, भिंत नाही."

नम्रतानं पंख्याचं झाकण उघडलं. कोंडा, धूळ आणि सुतळीचे तूस यांचा जाड थर सोलून काढला आणि वर्तमानपत्रावर ठेवला.

"हा जुना असेल," तात्या म्हणाले. "मागच्या वेळी राहिलेला."

"आसंल. मला तर मागच्या सालच्या कर्जत-तीन भाताचा वाटतोय."

"छे! कर्जत-तीनचा कोंडा असा असतो होय? हा यंदाचा कोलम..."

तात्या थांबले. नम्रता हसली नाही. तिनं नुसता मीटर उचलला.

मीटर पहिल्यांदा तिच्या हातात आला तो मोहोपाड्याच्या एका केमिकल कंपनीत. वीज गेली तरी यंत्रं थांबू नयेत म्हणून तिथल्या एका खोलीत बॅटरीचे दोनशे वीस सेल रांगेत मांडलेले असायचे. बारावी झालेली, लग्न होऊन नुकतीच लोधिवलीला आलेली नम्रता त्या खोलीत झाडू मारायला लागली. सेल मोजणारा रजेवर गेला की साहेब म्हणायचे, "जरा आकडे लिहून ठेव गं." ती लिहायची, आणि मागच्या आठवड्याचे आकडेही वाचायची. ते कोणी तिला सांगितलं नव्हतं. एक दिवस म्हणाली, "साहेब, एकशे सोळा नंबर जायला टेकलाय." साहेब हसले. पंधरा दिवसांत एकशे सोळा गेला. मग झाडू दुसऱ्या कुणाकडे गेला.

अकरा वर्षांनी कंत्राट संपलं. तिनं स्वतःचा मीटर घेतला, रबरी हातमोजे घेतले आणि सासऱ्यांच्या पंक्चरच्या दुकानात एक कोपरा मागितला. सासरे धाऊ घरत चमकले. "बाईमानूस गाडीखाली शिरनार?"

"खाली नाय हो मामा. बॅटरी मागं असते."

आता खोपोलीपासून कर्जतपर्यंत जुनी हायब्रीड अडली की माणसं लोधिवलीचा रस्ता विचारतात. इंजिनाला कोणीही हात लावतं. बॅटरी उघडायची ती नम्रतानंच.

तिनं हातमोजे चढवले, बॅटरीची वीज तोडणारा नारिंगी प्लग उपसला, पँटच्या खिशात टाकला आणि खिशाला बटण लावलं. हात आत असेपर्यंत प्लग खिशात, म्हणजे कोणी उत्साही माणूस तो परत बसवणार नाही. मग दहा मिनिटं थांबायचं, आतली वीज उतरेपर्यंत. एकदा एका गिऱ्हाइकानं घाई केली होती, लग्नाला जायचं म्हणून. ती म्हणाली होती, "तुमाला लग्नाला जायचंय, मला माझ्या मयताला नाय जायचं." तो माणूस थांबला, लग्नाला उशिरा गेला, आणि हा किस्सा त्यानंच गावभर केला.

अठ्ठावीस सेल. प्रत्येकाला हेडलाइटचा बल्ब जोडायचा, दोन मिनिटं पेटू द्यायचा, आकडा किती घसरतो ते बघायचं आणि मार्करनं त्याच्या पाठीवर लिहायचं. मध्येच ट्रक गेला की शेडचा पत्रा थरथरायचा, नम्रताचा हात नाही. बाराव्या सेलपर्यंत तात्यांचा चहा गार झाला होता. तेरावा धाडकन खाली आला. पंधरावाही.

"मधलेच गेले," नम्रता म्हणाली. "मधल्यांचीच जास्त तलखी होते."

"मग कडेचे मध्ये आण ना."

"मागच्या येळी तेच केलं. तुमीच बसलेलात हितंच, ह्याच खुर्चीत."

कंपनीच्या वर्कशॉपनं तात्यांना केव्हाच सांगून टाकलं होतं: नवी बॅटरी घाला नाहीतर गाडी भंगारात द्या. गाडीच्या किमतीहून बॅटरी महाग.

नम्रतानं फळीवरून कापडात गुंडाळलेले दोन सेल काढले. अपघातात चेपलेल्या एका गाडीतून तिनं वाचवलेले. "चांगले हेच दोन उरलेत माझ्याकडं. हे बसवले की गाडी चालंल. पन हेबी तुमी शिजवलेत, तर माझ्याकडं काय नाय. पोती टेंपोनं पाठवा."

"टेंपोनं?" तात्या खुर्चीतून उठलेच. "चौदा वर्षं मुंबईच्या पाच घरी मी स्वतः नेऊन देतोय. दादरच्या काकू पोतं सोडून, तांदळाची मूठ नाकाला लावून, मग मला आत बोलावतात. टेंपोवाल्याला कोण आत बोलावणार गं?"

"मंग डिकीत न्या. दोन मावतात."

"आणि बाकीच्या तीन घरांना काय सांगू?"

"पुढच्या खेपेला येतो म्हनून सांगा."

"अडुसष्टाव्या वर्षी तीन खेपा?"

नम्रताचा आवाज खाली आला. "तात्या, ह्या गाडीवर तुमचा जेवढा जीव, त्यापेक्षा माझा कमी नाय. ह्या बॅटरीतला एकेक सेल मी वळखते. म्हनून इचारते. सीटवर पोतं ठेवनार नाय, येवढा शब्द द्या. नायतर मी हे दोन परत गुंडाळते."

तात्यांनी उघड्या बॅटरीकडे पाहिलं. पाठीवर आकडे लिहिलेले अठ्ठावीस सेल ओळीत बसले होते. कडेचे ताठ, मधले दोन फुगलेले.

"बोला ना तात्या."

तात्यांनी खिशातून गाडीची चावी काढली आणि टेबलावर मीटरच्या शेजारी ठेवली. "खोटा शब्द नाही देत. गाडी तुझ्याकडेच राहू दे," म्हणत चपला पायात सरकवल्या, आणि चौक गावाच्या दिशेनं चालू लागले.